नाते या रकान्यात

बेलापूर कोर्टाच्या फाटकासमोर, झेरॉक्सच्या टपरीला चिकटून
माझं टेबल. प्रतिज्ञापत्राचे साठ, तातडीचे ऐंशी.
दुपारी ऊन सरकतं तशी मी खुर्ची सरकवते.

मंगळवारी दोघी उतरल्या एकाच रिक्षातून,
भांडत : मी देते, नाय, मी देते.
करावे गावच्या. थोरलीचं नाव बारकीबाई,
धाकटी गोमी. दोघींच्या कपाळावर
टिकली काढल्याची एकाच आकाराची फिकट जागा.

"हसुराम तांडेल वारला गो बाय. वारस लिवा.
आमी दोगी त्याच्या बायका."

कीबोर्डवर बोटं थांबली.
रकान्यात एकाच नावापुरती जागा.
मी समजावलं, रोज समजावते त्या आवाजात :
पहिली असताना केलेली दुसरी कायद्याला दिसत नाही.
साडेबारा टक्क्यांच्या भूखंडात गोमीच्या पोरांना वाटा,
पोरांच्या आईला नाही.
"मंग पोरां काय भरतीला वाहून आली?"
टपरीवाला हसला, मीही.

हसू आवरून मी मान खाली घातली, कारण
ही अरुंद जागा
सहा वर्षांपूर्वी माझ्या कामाची होती.
माझ्या नवऱ्यानं पनवेलला दुसरं घर मांडलं,
वर देवळातला फोटो दाखवला, हारासकट.
याच टेबलावर मी माझीच तक्रार टाइप केली,
स्वतःकडून साठ रुपये घेतले नाहीत एवढंच.
एकाच नावाची जागा होती, म्हणून माझं त्यात टिकलं.

आता त्याच जागेतून मी गोमीला बाहेर ठेवत होते.

"त्यांनी विचारलं होतं का तुम्हाला, दुसरी करताना?"
"इचारलं ना," बारकीबाई म्हणाली. "लगीन लावून आल्याव."
नऊ वर्षं घरात पाळणा हलला नव्हता.
मग गोमी आली, एकोणीस वर्षांची. तिलाही कुणी विचारलं नव्हतं.
पहिल्या संध्याकाळी दोघींनी मिळून निवट्या साफ केल्या,
न बोलता. बोलायला दोन पावसाळे गेले.

शेजारच्या टेबलावरचे सावे वकील चहा ढवळत म्हणाले,
"उघड करून टाकावं. दोन करा, तीन करा,
बाप्यालाही मुभा, बाईलाही,
सगळ्यांच्या सह्या घेऊन. लपवाछपवी तरी थांबेल."
सह्या मी बघते, सावेसाहेब. पंधरा वर्षं.
अंगठा शाईत बुडवणारा हात
पुष्कळदा दुसऱ्याचाच असतो.
ते म्हणाले, तसं तर पहिल्या लग्नातही असतं.
त्यावर मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही.

"आणि तुम्हाला दोन नवरे करता आले असते तर?"
गोमी तेव्हा पहिल्यांदा बोलली. "दोन? एकाचीच जाली
शिवता शिवता आमी दोगी पुरलो नाय."

शेवटी तोडगा बारकीबाईनंच काढला :
आपल्या वाट्यातला अर्धा गोमीला. बक्षीसपत्र लिवा.
तिथंही विचारतात, नाते काय.
यादी उघडली. आई, बहीण, सून, मुलगी, नात...
"सवत लिवा."
यादीत नाही, मावशी.
"तुमच्या यादीत नसंल. चुलीव हाय."
सगळ्यात खाली 'इतर' होतं. मी ते दाबलं.
गोमीनं वाचून दाखवायला सांगितलं.
"इतर मंजे मी?"
कुणीच काही बोललं नाही. प्रिंटर चालू झाला.

जाताना दोघींनी साठ-साठ ठेवले,
एकमेकींच्या नकळत, एक पेपरवेटखाली, एक कागदाखाली.
रिक्षा सीवूड्सकडे वळल्यावर मला कळलं.
साठ परत करायचे आहेत.
कुणाचे, ते ठरत नाही,
म्हणून वेगळ्या पाकिटात घालून ठेवलेत, पाकिटावर नाव न लिहिता.